भिंतीतली शिवण

१. जागच्या जागी चोरी

चित्र चोरीला गेलं होतं, आणि तरी ते भिंतीवर जिथल्या तिथं होतं.

तैलरंगाच्या वर्गाच्या दहाव्या रविवारी सकाळी रंगांच्या पेट्या बगलेत मारून सगळे विद्यार्थी संग्रहालयाच्या पायऱ्या चढले, तेव्हा ही चमत्कारिक बातमी वर त्यांची वाट पाहत होती. दालनात 'सुईवाली' नेहमीसारखी खिडकीशी बसून सुई ओवत होती. खुर्चीखाली मांजर, टेबलावर तांब्याचं भांडं, अर्धवट उघडं दार, दाराशी टेकवलेला झाडू, काळ्यापांढऱ्या फरशांवर सांडलेलं ऊन. सगळं होतं. फक्त ते दोनशे वर्षांपूर्वीच्या त्या अनाम चित्रकाराचं नव्हतं. आदल्या दिवशी बाहेरगावाहून आलेल्या तज्ज्ञानं भिंग लावून पाहिलं होतं आणि लेखी देऊन टाकलं होतं, की ही नक्कल आहे. कापड नवं, रंग फार तर वर्षभराचा, हात मात्र अतिशय तयार.

व्यवस्थापकांनी हे सगळं दुखवट्याचा ठराव वाचावा तसं वाचून दाखवलं. शेजारी पोलिसांची तरुण इन्स्पेक्टर वही उघडून उभी होती. 'हात तयार' हे शब्द आले आणि सगळ्यांच्या माना आपोआप एकाच दिशेला वळल्या. गावात तसा हात एकच होता, आणि तो बाईंचा होता.

बाई सत्तरीच्या. ताठ कण्याच्या, कडक जिभेच्या. गेली सहा वर्षं त्या याच दालनात, याच एका चित्रावरून, तैलरंग शिकवत होत्या. "एक घर नीट रंगवा, मग जग रंगवायला निघा," हा त्यांचा मंत्र. दरवर्षी नवी तुकडी यायची, तेच चित्र उतरवायची, आणि बाई तुकडीसोबत स्वतःही एक प्रत रंगवायच्या, थर कसा चढतो ते दाखवायला. प्रत मूळ चित्राच्याच मापाची हवी, हा त्यांचा हट्ट. अशा सहा वर्षांच्या सहा प्रती खालच्या कोठारात ठेवलेल्या होत्या.

बाईंनी इन्स्पेक्टरची परवानगी मागितली आणि त्या चित्राजवळ गेल्या. नाक कापडाला टेकेल इतक्या जवळ. मग त्यांनी उजव्या हाताचं बोट अलगद चित्रावरून फिरवलं, फरशीवरून खुर्चीकडे, खुर्चीवरून मांजराकडे. मांजराच्या कानाशी बोट थबकलं.

"इथं रंगात ब्रशाचा केस अडकलाय," त्या म्हणाल्या. "मागच्या वर्षी माझ्याच हातून अडकला होता. हे चित्र माझं आहे."

इन्स्पेक्टरनं ते वहीत लिहून घेतलं. सगळ्यात मागे, गळ्यात मोजपट्टी लटकवून उभ्या असलेल्या एका म्हाताऱ्यानं मात्र मनाशी एक गोष्ट टिपली. बाईंनी स्वतःचं चित्र ओळखलं ते बोटानं. डोळ्यानं नाही.

२. शेवटचं बाक

हा म्हातारा म्हणजे मास्तर. बेचाळीस वर्षं त्यानं बायकांचे कपडे शिवले, आणि बेचाळीस वर्षं अख्ख्या गावानं त्याला मास्तर म्हटलं. साठी उलटल्यावर दुकान मुलाच्या हवाली करून तो या वर्गात विद्यार्थी झाला, तेव्हा बाईंनी पहिल्याच दिवशी बजावलं, की वर्गात मास्तर एकच असतो आणि तो मी. तेव्हापासून त्या त्याला 'शेवटचं बाक' म्हणत. उशिरा नाव घातल्यामुळे जागा शेवटची मिळाली होती, आणि गुणवत्ताही त्या जागेला शोभेल अशीच होती. त्याच्या चित्रातल्या मांजराला बघून एका शेजाऱ्यानं ही उशी छान आलीय म्हटलं होतं.

तरी तो एक रविवार चुकला नव्हता. त्याचं कारण त्यानं कुणाला सांगितलं नव्हतं. त्याची बायको तीस वर्षं खिडकीशी बसून गिऱ्हाइकांच्या कपड्यांना काज-बटण करायची. ती जाऊन दोन वर्षं झाली होती. एकदा सहज म्हणून तो संग्रहालयात शिरला आणि सुईवालीसमोर खिळून राहिला. तीच मान, तोच कोपर, सुई ओवताना ओठ आत दुमडायची तीच खोड. हे चित्र आपल्या हातानं उतरवायचं आणि घरी शिलाईच्या मशीनवर टांगायचं, एवढंच त्याला हवं होतं. त्यासाठी कुणी उशी म्हणो की गोणपाट म्हणो, त्याची तयारी होती.

आणि त्यासाठी तो बाईंचा ऋणी होता. दुसऱ्या कुणी त्याला दारातूनच परत पाठवलं असतं. बाई ओरडायच्या, पण हात धरून शिकवायच्या. आधी पेन्सिलीनं चौकोन आखा. मग नुसत्या तपकिरी रंगाचा पातळ थर, फक्त उजेड आणि सावली. तो आठवडाभर वाळू द्या. मग रंग. पातळावर जाड चढतं, जाडावर पातळ तडकतं. थर पुरा झाला की कापडाच्या दुमडलेल्या कडेवर त्या स्वतः पेन्सिलीनं तारीख घालायच्या, म्हणजे कुणी ओल्यावर रंग चढवून खोटं बोलायला नको.

या पद्धतीपायीच चौथ्या रविवारी मास्तरची फजिती झाली होती. तिसऱ्या रविवारी त्यानं तपकिरी थर दिला, त्यात सुईवालीच्या डोक्यावरून, भिंतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, एक बारीक आडवी रेघ ओढली होती. पुढच्या रविवारी ती दातांच्या डॉक्टरीणबाईंच्या नजरेला पडली. या डॉक्टरीणबाई वर्गातल्या सर्वांत हुशार.

"बाई, मास्तरांच्या भिंतीला भेग पडली बघा," त्या म्हणाल्या, आणि वर्ग हसला.

बाईंनी विचारलं, की मूळ चित्रात अशी रेघ आहे का. डॉक्टरीणबाई दात तपासायचं भिंग डोळ्याला लावून अगदी चित्राजवळ गेल्या आणि इंच न इंच पाहून आल्या. रेघ नव्हती. मास्तरनं स्वतः आपल्या जागेवरून डोळे ताणून पाहिलं. खरंच नव्हती. मागच्या रविवारी तर स्पष्ट दिसली होती. म्हातारचळ, दुसरं काय, असं म्हणून त्यानं मान खाली घातली. बाईंनी चिंधीनं रेघ पुसून पाहिली, पण थर वाळला होता. वरून भिंतीचा रंग चढवा, त्या म्हणाल्या. त्यानं चढवला. रेघ मात्र खालून डोकावत राहिली ती राहिलीच.

३. तीन जबान्या

इन्स्पेक्टरनं तिथल्याच तिथं एकेकाला बोलवायला सुरुवात केली. मास्तर कोपऱ्यात स्टुलावर बसून राहिला आणि तिनं त्याला हुसकावलं नाही. तिचा पहिला युनिफॉर्म त्यानं शिवला होता. तिचा एक खांदा किंचित उतरता आहे हे जगात फक्त तिला, तिच्या आईला आणि मास्तरला ठाऊक होतं.

व्यवस्थापक आधी बसले. माणूस कामात चोख, बोलण्यात साखर. सगळं प्रकरण आपल्यामुळेच उघडकीला आलं हे त्यांनी दोनदा सांगितलं. महिनाभराच्या रजेवरून गेल्याच आठवड्यात ते परतले, चित्र पाहून मनात पाल चुकचुकली, आणि त्यांनी स्वतः तज्ज्ञ बोलावला. रजा सुरू झाली ती वर्गाच्या चौथ्या रविवारनंतरच्या मंगळवारी. त्या महिन्यात किल्ल्या बाईंकडे होत्या.

"आणि त्याआधी?" इन्स्पेक्टरनं विचारलं.

"त्याआधी किल्ली एक मिनिटही माझ्या हातातून सुटलेली नाही. रविवारी वर्गासाठी दालन मी उघडायचो, मीच बंद करायचो. शपथेवर लिहून घ्या."

बाई म्हणतात ही त्यांची मागच्या वर्षीची प्रत, असं तिनं विचारल्यावर ते कणव आल्यासारखे हसले. बाईंच्या सहाही प्रती कोठारात गुंडाळून नीट ठेवलेल्या आहेत, म्हणाले, हवं तर मोजा. म्हणजे भिंतीवरची प्रत बाईंनी मुद्दाम नवी केली, मूळ चित्र काढून तिथं लावायला. इन्स्पेक्टर खाली जाऊन मोजून आली. सहा गठ्ठे, सहा सुईवाल्या, प्रत्येकीवर बाईंच्या नावाची चिठ्ठी.

मग डॉक्टरीणबाई. त्यांच्यावरही शंकेची सुई होतीच. हे चित्र विकत मिळेल का असं त्यांनी विश्वस्तांना दोनदा विचारलेलं साऱ्यांना माहीत होतं. त्यांनी ते सरळ कबूल केलं. पण चौथ्या रविवारनंतर आपण चित्राच्या दोन हातांवरही गेलो नाही, असं त्या म्हणाल्या. जाताजाता आणखी एक बोलल्या. हल्ली बाई रंगाच्या नळ्या कुणाला हलवू देत नाहीत. एकदा त्यांनी चुकून पांढऱ्याच्या जागी पिवळी ठेवली, तर बाईंनी अख्खं ऊन पिवळं करून ठेवलं आणि वर त्यांच्यावरच डाफरल्या.

शेवटी फ्रेमवाला. तिरसट गडी. बाईंशी त्याचं जुनं भांडण, कारण बाईंनी त्याच्या फ्रेमला एकदा खाटेचा पाय म्हटलं होतं. त्यानं तीन वर्षांपूर्वी हे चित्र एकदाच हाताळलं होतं, नव्या चौकटीत बसवायला. चौकटीला मागून आधाराची एक आडवी लाकडी पट्टी मारली होती. त्यानंतर आपण या दालनात पाऊल टाकलेलं नाही, आणि या बाई असेपर्यंत टाकणारही नाही, असं तो म्हणाला.

इन्स्पेक्टरला एकच गोष्ट उलगडत नव्हती. संग्रहालयाला दार एक, आणि दारावरचा पहारेकरी इतका खमक्या की वर्गातल्या पोरींच्या डब्यांतही डोकावायचा. एवढं मोठं चित्र बाहेर गेलं कसं?

त्याचं उत्तर मिळायच्या आत विश्वस्तांचा निरोप आला. बाईंचा वर्ग आजपासून बंद. पोलिसांत रीतसर तक्रार मंगळवारी. कोठारातलं बाईंचं सामान त्याच दिवशी सकाळी हलवायचं. व्यवस्थापकांनी मोठ्या मनानं सांगितलं, की बाईंना या वयात धावपळ नको, टेम्पो करून गठ्ठे मी स्वतः पोचते करतो.

बाई उठल्या. कठडा चाचपत पायऱ्या उतरून गेल्या. सहा वर्षांत त्या पहिल्यांदाच वाकून चालल्या होत्या.

४. सुनेचा शेरा

सोमवारी मास्तरनं आपलं अपुरं चित्र घरी आणून मशीनवर टेकवलं आणि समोर बसून राहिला. सून चहा घेऊन आली. तिची जीभ तिखट आणि नजर त्याहून तिखट, आणि दुकानातल्या कटिंगच्या टेबलावर तिनं सासऱ्याच्या हाताखाली आठ वर्षं काढलेली. तिनं मान तिरपी करून चित्र पाहिलं.

"बाबा, भिंत तुम्ही जोड देऊन शिवलीय का?" ती म्हणाली. "वरचा तुकडा वेगळा वाटतोय."

मास्तरनं कप बशीत ठेवला. तो उठला, चित्र उचलून खिडकीशी नेलं, आणि तिनं पाहिलं तसं बाजूनं पाहिलं.

भेग नव्हती ती. भेग वाकडीतिकडी जाते. ही रेघ सरळ होती, आणि तिच्या दोन्ही अंगांना बारीक फुगवटा होता. बेचाळीस वर्षं जी गोष्ट त्याच्या बोटांखालून दिवसाला शंभरदा गेली होती, ती त्यानं न ओळखता जशीच्या तशी रंगवली होती. शिवण! दोन कापडांचा जोड, आत दुमडलेली माया, म्हणजे शिवणीपलीकडचं जादा कापड, आणि वरून चढलेला दोनशे वर्षांचा रंग. जुन्या मागाचा पन्हा अरुंद असायचा, मोठं चित्र काढायचं तर दोन तुकडे शिवावेच लागत. आताच्या रुंद कापडाला जोडाची गरज काय? समोर बसणाऱ्यांना ती शिवण दिसणं शक्य नव्हतं. शेवटचं बाक भिंतीच्या कडेला होतं, सकाळचं ऊन डाव्या खिडकीतून चित्रावर आडवं पडायचं, आणि आडव्या उजेडात कापड काही लपवत नाही. गिऱ्हाइकानं वाकडी टीप लपवली तर मास्तर तशीच शोधायचा.

तो चित्राची कड न्याहाळायला लागला. बाईंच्या अक्षरात तपकिरी थराची तारीख होती. तिसरा रविवार. तेव्हा शिवण होती. चौथ्या रविवारी डॉक्टरीणबाईंनी भिंगातून पाहिलं तेव्हा नव्हती.

चहा तसाच टाकून तो बाईंच्या घरी गेला. बाई अंधारल्या खोलीत बसल्या होत्या. त्यानं खिशातून सुईदोरा काढून त्यांच्या हातात दिला आणि ओवायला सांगितलं. बाईंनी तीनदा प्रयत्न केला. चौथ्यांदा सुई मांडीवर ठेवली.

"कधीपासून?" त्यानं विचारलं.

"वर्ष झालं. मोतीबिंदू. दोन्ही डोळ्यांत." बाईंचा आवाज पहिल्यांदाच लहान झाला होता. "कळलं असतं तर वर्ग बंद केला असता त्यांनी. आंधळी चित्रकला शिकवते म्हटल्यावर कोण येणार? म्हणून नळ्या ओळीनं लावायच्या, पाठ करून शिकवायचं. रजिस्टरवर सही कुठं करायची तेसुद्धा व्यवस्थापक बोट ठेवून दाखवायचे. महिनाभर मी माझ्याच चित्राखाली उभी राहून शिकवत होते, आणि मला पत्ता नाही. आंधळं दळतंय आणि कुत्रं पीठ खातंय."

"कुत्रं सापडलं, बाई," मास्तर म्हणाला. "आणि पीठही अजून जात्यापाशीच आहे. चित्र त्या इमारतीबाहेर गेलेलंच नाही."

५. मास्तर माप घेतात

मंगळवारी सकाळी टेम्पो संग्रहालयाच्या दाराशी लागला तेव्हा वरच्या दालनात सगळी जमली होती. मास्तरनं इन्स्पेक्टरकडे अर्धा तास मागून घेतला होता. व्यवस्थापक घड्याळ पाहत होते. फ्रेमवाला पाऊल टाकणार नाही म्हणाला होता, तो सर्वांत आधी येऊन बसला होता. बाई खुर्चीत बसल्या होत्या, पदर घट्ट आवळून.

मास्तरला भाषणाची सवय नव्हती. त्यानं आपलं चित्र खिडकीशी तिरपं धरलं आणि रेघ दाखवली. ही भेग नाही, शिवण आहे, आणि ती मी मूळ चित्रात पाहिली, असं सांगितलं.

व्यवस्थापक हसले. "मास्तर, तुमच्या मांजराची उशी झालीय. तुमच्या भिंतीवर आम्ही काय विश्वास ठेवायचा?"

"नका ठेवू," मास्तर म्हणाला. "मोजपट्टीवर ठेवा."

त्यानं गळ्यातली पट्टी काढली आणि इन्स्पेक्टरच्या हातात दिली. प्रत मूळ मापाची हवी हा बाईंचा हट्ट आता कामाला आला. तिनं मास्तरच्या चित्राच्या खालच्या कडेपासून रेघेपर्यंत माप घेतलं. तेवीस इंच. मग दोन शिपायांनी भिंतीवरचं चित्र चौकटीसकट उतरवून पालथं ठेवलं. मागे फ्रेमवाल्याची आडवी पट्टी होती. तिनं कापडाच्या खालच्या कडेपासून तिथपर्यंत मापलं. तेवीस इंच. तिनं पुन्हा मापलं आणि पुन्हा तेवीसच भरले.

मास्तरनं फ्रेमवाल्याला विचारलं, की आधाराची पट्टी मारायची तर मधोमध मारावी, इतकी वर का मारली?

"मधोमध कशाला मारू?" फ्रेमवाला खेकसला. "जोड तिथं होता ना. दोन तुकडे शिवलेले, टाके सैल झालेले. कापड लोंबू नये म्हणून बरोबर जोडाखाली मारली." मग त्यानं पालथ्या चित्राकडे पाहिलं आणि त्याचा जबडा खाली आला. "याला जोडच नाहीय."

डॉक्टरीणबाई ताडकन उभ्या राहिल्या. मास्तरनं त्यांना विचारलं, की चौथ्या रविवारी भिंगातून पाहिलं तेव्हा रेघ नव्हती हे शपथेवर सांगाल का. त्या म्हणाल्या, शंभरदा सांगेन. मग इन्स्पेक्टरनं मास्तरच्या कापडाच्या कडेवरची तारीख मोठ्यानं वाचली. तपकिरी थर, तिसरा रविवार.

"म्हणजे चित्र बदललं ते या दोन रविवारांच्या मधल्या आठवड्यात," मास्तर म्हणाला. "बाईंकडे किल्ल्या आल्या त्या त्यानंतर. चौथ्या रविवारनंतरच्या मंगळवारी. मग त्या आठवड्यात किल्ली कुणाकडे होती, एवढंच पाहायचं राहिलं."

इन्स्पेक्टरनं वहीची पानं मागे उलटली आणि एक ओळ सावकाश वाचली. त्याआधी किल्ली एक मिनिटही माझ्या हातातून सुटलेली नाही, शपथेवर लिहून घ्या.

व्यवस्थापकांची साखर अजून संपली नव्हती. एका शिंप्याच्या रेघेवरून माझ्यावर आळ घेता? बरं, समजा घेतलं चित्र मी. मग दाखवा कुठाय ते. माझं घर शोधा, रजेत कुठं गेलो ते गाव शोधा. आणि खाली टेम्पो खोळंबलाय, आधी बाईंचे गठ्ठे जाऊ द्या.

"तेच तर," मास्तर म्हणाला. "त्या गठ्ठ्यांचं एवढं अगत्य का?"

६. सहावी सुईवाली

कापड घेऊन आलेलं गिऱ्हाईक आणि परत जाणारं गिऱ्हाईक, दोघांसमोर तुकडे मोजायचे, ही मास्तरची जन्मभराची शिस्त. त्याचा हिशेब साधा होता. बाईंनी सहा वर्षांत सहा प्रती केल्या. त्यातली एक भिंतीवर आहे, मांजराच्या कानातल्या केसासकट. मग कोठारात पाचच असायला हव्या होत्या. तिथं सहा कशा?

इन्स्पेक्टरनं गठ्ठे वर आणायला लावले. चादरी सुटल्या आणि भिंतीला टेकून सहा सुईवाल्या ओळीनं बसल्या, एकीसारखी दुसरी. कालपरवा इन्स्पेक्टरनं त्या पाहिल्याच होत्या, पण नकलांच्या ढिगात अस्सल शोधायचं कुणाच्या मनात येणार? जुन्या चित्रावरचे बारीक तडेसुद्धा बाई शेवटच्या थरात रंगवून दाखवत, त्यामुळे नजरेला काहीच खटकत नव्हतं.

मास्तरनं बाईंना हाताला धरून उठवलं. हे काम डोळ्यांचं नव्हतं, आणि बोटं त्यांच्याइतकी कुणाची जाणती नव्हती. दोघं ओळीच्या मागच्या बाजूनं निघाले. पहिल्या पाच चित्रांच्या पाठीला कोरं कापड लागलं. सहाव्याच्या पाठीला मात्र जाड खाकी अस्तर चिकटवलेलं होतं.

"मी कधी अस्तर लावत नाही," बाई म्हणाल्या.

"ज्याला आतली शिवण लपवायची असते तो लावतो," मास्तर म्हणाला.

बाईंनी अस्तरावरूनच तळवा फिरवला. खालून वर, सावकाश. तेवीस इंचांवर तळवा थांबला, आणि मग डावीकडून उजवीकडे अख्ख्या रुंदीभर सरकत गेला. त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि त्यांनी ते पुसलं नाही.

इन्स्पेक्टरनं मान डोलावली. मास्तरनं खिशातली लहान कात्री काढून अस्तराची कड उसवली. आतलं कापड तपकिरी पडलेलं, हातमागाचं. मधून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत शिवण. बारीक, एकसारखे टाके, कुणा विसरून गेलेल्या बाईनं किंवा बाप्यानं दोनशे वर्षांपूर्वी घातलेले. मास्तर क्षणभर चोरी विसरला. असा हात आता राहिला नाही, असं तो स्वतःशीच पुटपुटला.

व्यवस्थापकांनी दाराकडे पाहिलं. दारात तोच खमक्या पहारेकरी उभा होता. मग ते मटकन खाली बसले आणि साखर एकदाची संपली. बाहेरदेशीचा एक शौकीन वर्षभर मागे लागला होता. बाईंना दिसत नाही हे सह्यांच्या वेळी त्यांच्या ध्यानात आलं होतं. चित्र बाहेर काढायला एकच वाट होती. बाईंना चोर ठरवायचं, आणि त्यांच्या सामानातून, त्यांच्याच नावाच्या चिठ्ठीखाली, पहारेकऱ्याच्या देखत ते टेम्पोत चढवायचं. टेम्पो बाईंच्या घरी पाच गठ्ठे पोचवणार होता.

"काखेत कळसा," इन्स्पेक्टर वही मिटत म्हणाली. तिनं मास्तरसमोर टाचा जुळवून कडक सलाम ठोकला, आणि उतरत्या खांद्याची शिवण त्या सलामात कुठंही ओढली गेली नाही, हे मास्तरनं अभिमानानं पाहिलं. वर्गानं टाळ्या वाजवल्या. फ्रेमवाल्यानंही वाजवल्या, आणि मग तो बाईंना म्हणाला, की मूळ चित्राला नवी चौकट मी माझ्या हातानं करीन, खाटेचा पाय म्हणायचं असेल तर तेव्हा म्हणा. बाई म्हणाल्या, बघून सांगीन.

आणि बघायची सोय झाली. विश्वस्तांनी माफी मागितली, वर्ग चालू केला, आणि बाईंच्या डोळ्यांचं ऑपरेशन पदरमोड करून करायची तयारी दाखवली. बाईंनी फक्त माफी आणि वर्ग घेतला. ऑपरेशन त्यांनी स्वतःच्या हिमतीवर करून घेतलं, आधी एका डोळ्याचं, मग दुसऱ्याचं.

दोन महिन्यांनी, एका लख्ख रविवारी सकाळी, त्या दालनात आल्या. आधी मूळ चित्रासमोर उभ्या राहिल्या, बराच वेळ. मग वर्गभर फिरल्या आणि ज्याच्या त्याच्या चुका पहिल्यांदाच खऱ्याखुऱ्या दिसल्यामुळे ज्याला त्याला नव्यानं झापलं. डॉक्टरीणबाईंच्या फरशासुद्धा वाकड्या निघाल्या. सगळ्यात शेवटी त्या शेवटच्या बाकाशी आल्या. मास्तरचं चित्र पुरं झालं होतं. मांजर अजून उशीच होतं. पण सुईवालीची मान, कोपर, दुमडलेले ओठ पाहून त्या झापायचं विसरल्या, कारण ती बाई भिंतीवरच्या बाईसारखी नव्हती. ती कुणीतरी दुसरीच होती, आणि ज्यानं रंगवली त्याची ती फार जवळची होती.

भिंतीतली रेघ मास्तरनं परत उजळून घेतली होती. ती तशीच ठेवू का, असं त्यानं विचारलं.

बाईंनी हात पुढे केला. मास्तरला समजलं. त्यानं खिशातून सुई आणि दोरा काढून दिला. बाईंनी सुई उजेडात धरली, ओठ आत दुमडले, आणि एका झटक्यात दोरा आरपार काढला.

"घ्या, मास्तर," त्या म्हणाल्या. "शिवण तशीच राहू दे."